तेल न लावता कापलेला फणस

विनीतसाठी सांगून आलेल्या हेदवीच्या मुलीची अट एकच होती. नवरा घरात हाताने काम करणारा हवा. गंगुबाईंनी फोनवरच सांगून टाकलं, "आमचा नातू? सगळं करतो हो! फणससुद्धा तोच कापतो."

खरं म्हणजे इंजिनीअर झालेल्या विनीतने स्वतःचं जेवलेलं ताटही कधी उचललं नव्हतं. उचलायला गेला की आजीच ओढून घ्यायची. "तू अभ्यास कर. हातांची कामं करायला आम्ही मेलो नाही अजून."

रविवारी मृणाली आणि तिचे वडील काशीराम गाडीसकट फेरीबोटीने खाडी ओलांडून आले. मारलेली थाप खरी करायची म्हणून गंगुबाईंनी पडवीत कापा फणस मांडला, विनीतच्या हातात सुरी दिली आणि चहा बघायला आत गेल्या. हातांना तेल लाव, हे सांगायचं राहिलं. पण रत्नागिरीत ते कोण कुणाला सांगतं?

विनीतने फणस कापला. चीक मनगटापर्यंत आला. त्याने हात पाण्याने धुतले, तसा चीक अधिकच घट्ट बसला. वर्तमानपत्राला पुसले, वर्तमानपत्र चिकटलं. फोन वाजला, फोन चिकटला. "थांबा, मी सोडवतो," म्हणत काशीराम पुढे झाले आणि लग्न ठरायच्या आधीच जावयाला सासरा चिकटला.

गंगुबाई तेलाची वाटी घेऊन धावल्या. "मेल्या, तेल नाही लावलंस?"

"तू कधी सांगितलंस?"

"यात सांगायचं काय? आईच्या पोटातून येतं हे!"

"मग माझं येताना तिथेच राहिलं असेल, आजी."

मृणाली खळखळून हसली. झालं, गंगुबाईंना वाटलं, गेलं स्थळ. पण पोरगी खाली बसली, तेल चोळून चोळून दोघांना सोडवलं, सुरीला तेल फासलं आणि परत विनीतच्याच हातात दिली. "आता कापा. मधला दांडा आधी काढायचा. वाकडं झालं तरी चालेल."

वाकडंच झालं. दोन गरे चिरडले. पण विनीत कापत होता, जीभ दातांत धरून, आजूबाजूला कोण आहे ते विसरून. मृणालीने वडिलांकडे बघून हळूच मान हलवली. काशीराम खाकरले, "मग, पुढची बोलणी कधी..."

गंगुबाईंना मात्र चिरडलेले गरेच दिसत होते.

"सरक! नासवलास अख्खा फणस! दे इकडे." सुरी हिसकावून त्यांनी बघता बघता परातभर गरे काढले. ऐटीत मान वर केली, तर मृणाली चपला घालत होती.

"का गो बाय? गरे तरी खा."

"नको आजी. फणस मलाही कापता येतो. यांना येऊ लागला होता."

गाडी वळणाआड गेली. "आगाऊच होती पोरगी," गंगुबाई म्हणाल्या. विनीत तेलकट हात मांडीवर उताणे ठेवून बसला होता. त्यांनी परातीतला चांगलासा गरा निवडला, आठळी काढली आणि त्याच्या तोंडापुढे धरला.

अठ्ठावीस वर्षांच्या इंजिनीअरने तोंड उघडलं.