एकोणपन्नास पक्षी आणि काटोलची पिशवी

एकतीस वर्षं मी नागपूरच्या एका दैनिकात शहराचं पान सांभाळलं आणि या एकतीस वर्षांत माझ्या नावावर एकही दुरुस्ती छापून आली नाही! अपघातात चार जखमी लिहिले की चारच जखमी असायचे. पाचवा मागाहून लंगडत आला, तर तो उद्याच्या अंकात.

निवृत्तीनंतर त्याच दैनिकानं मला रविवारच्या पुरवणीत पक्ष्यांवर लिहायला एक कोपरा दिला. गेल्या एप्रिलच्या पहिल्याच लेखात मी ठोकून दिलं, "पक्षी बघायला जंगलात जायची गरज नाही. वस्तीतला कुठलाही सामान्य प्लॉट द्या. एकतीस मार्चपर्यंत तिथे पन्नास जातींचे पक्षी नोंदवून दाखवतो. नाही जमलं तर याच जागी दुरुस्ती छापीन."

"शेवटचं वाक्य कशाला लिहिलं?" माझ्या बायकोनं, कामिनीनं, विचारलं.

"दोन ओळी कमी पडत होत्या."

"बरं. आता मोजा."

मी निवडलेला प्लॉट वाडीत, अमरावती रोडवरून आत, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे आहे. तो इतका सामान्य होता, की त्यावर अतिक्रमण करायलाही कोणी फिरकलं नव्हतं. दोन बाभळी, एक अर्धा वाळलेला कडुनिंब, मलब्याचा ढीग, फुटक्या पाइपलाइनचं डबकं आणि डबक्याभोवती माणूसभर उंच बेशरमची झुडपं. एवढंच.

रोज सकाळी सहा दहा ते सात दहा मी तिथे उभा. गळ्यात दुर्बीण, हातात वही. नियम एकच. दिसल्याशिवाय नोंद नाही. नुसता आवाज ऐकून पक्षी मोजणारे लोक असतात. नुसता आवाज ऐकून बातमी देणारेही मी पाहिलेत. त्यांच्या दुरुस्त्या मीच लावायचो.

संक्रांतीपर्यंत सेहेचाळीस पक्षी झाले. राहिले चार, आणि हातात अडीच महिने. मी निर्धास्त होतो.

प्लॉटच्या समोर एकच घर. वामनराव डाखोळे यांचं. वामनराव गोदामात मुकादम, आणि आवाजही मुकादमाचाच. पत्नी जिजाबाई. एकुलती एक मुलगी मयुरा, पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. या घरात रोज सकाळी सहा चाळीसला गिझरवरून भांडण होई. मला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हतं. पण भांडण सुरू झालं की बाभळीवरचे होले उडत, आणि होले का उडाले हे लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. म्हणून भांडणही वहीत येई.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भांडण झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही! चौथ्या दिवशी खुद्द वामनराव स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन माझ्यापाशी आले.

"घ्या साहेब. थंडी लय आहे. पाहा, तुम्ही आरामात पाहा. आमचं काही लपून नाही."

"पाहणं हेच माझं काम," मी म्हणालो.

"लिहूनही घेता?"

"जे दिसतं तेवढंच. पदरचं काही घालत नाही."

वामनरावांनी एकदा वहीकडे बघितलं. "नीट लिहा जी," म्हणाले, आणि चपलेचा आवाज न करता परत गेले.

महत्त्वाचं आधी सांगावं, ही जुनी सवय आहे. म्हणून मला अडीच महिन्यांनी समजलं ते तुम्हाला आताच सांगतो. संक्रांतीला मयुराचा फोटो आणि पत्रिका काटोलच्या एका संत्रा बागायतदाराकडे गेली होती. आपल्याकडे पाहुणे यायच्या आधी मुलाकडचे एखादा अनोळखी माणूस गुपचूप चौकशीला पाठवतात. तो चार दिवस आसपास फिरतो, घर कसं आहे ते बघतो आणि जाऊन सांगतो. आता, मी त्या जागी नऊ महिने उभा होतो आणि डाखोळ्यांना कधी दिसलो नव्हतो. पत्रिका गेली आणि दिसलो! शिवाय माझी वही आणि पाण्याची बाटली ज्या कापडी पिशवीत असते, तिच्यावर काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याचं नाव ठळक लाल अक्षरांत आहे. मागे दोन डझन संत्र्यांवर फुकट मिळाली होती.

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मला वाटलं, वस्तीत निसर्गाची गोडी वाढतेय. आठवड्याभरात चहासोबत पोहे येऊ लागले. वाचकांची दाद मला नवी नाही. तर्रीसकट मात्र ती पहिल्यांदाच मिळत होती.

मग प्लॉट बदलायला लागला.

मलब्याच्या ढिगावर एक धोबी पक्षी शेपटी हलवत बसायचा. एका सकाळी मी त्याच्याकडे दहा मिनिटं दुर्बीण लावली. तिसऱ्या दिवशी ढीग गायब! वामनरावांनी गोदामाचा ट्रक लावून उचलून नेला. कडुनिंबाच्या वाळक्या फांदीवर शिक्रा दिसला. सत्तेचाळिसावा. मी आनंदानं तिच्याकडे पुन्हा पुन्हा बघत राहिलो. आठवड्यात फांदी गेली. डबक्यावर आणखी दोन पाहुणे पक्षी मिळाले, एकूण एकोणपन्नास, आणि लगेच पाइपलाइन दुरुस्त झाली. ज्या गळतीवर मी नोकरीत असताना तीन बातम्या केल्या आणि कोणी ढुंकून पाहिलं नाही, ती वामनरावांनी स्वतः प्लंबर उभा करून एका सकाळी बंद केली. मी जिथे जास्त वेळ बघे, तिथे स्वच्छता होई. शेवटी मी हताश होऊन नुसता समोर बघत बसलो, तर डाखोळ्यांनी कंपाउंडच्या भिंतीला चुना मारला!

आता सारी भिस्त बेशरमच्या झुडपांवर होती. आत एक लाजरी पाणकोंबडी होती. महिनाभर तिचा "क्वाक, क्वाक" मी ऐकत होतो, पण ती काही बाहेर येईना. दिसली की पन्नास. बावीस मार्चला मी पोहोचलो, तेव्हा झुडपांच्या जागी सपाट जमीन होती आणि जिजाबाई तिच्यावर सडा घालत होत्या.

"हे काय केलंत वहिनी?"

"साप निघते जी त्याच्यात! अन् तुम्ही महिना झाला तिकडंच पाहून राहिले, तोंड वाकडं करून. मी म्हटलं, भाऊंले खटकून राहिलं. घ्या, पोहे घ्या."

मला खूप बोलायचं होतं. पण तोंडात त्यांचेच पोहे होते.

अठ्ठावीस मार्चला, सकाळी साडेसहाला, एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. साठीचे, पांढरा शर्ट, धुळीनं भरलेल्या चपला. काटोलहून पहिल्या एसटीनं आले होते. त्यांच्या हातात तंतोतंत माझ्यासारखीच पिशवी होती.

"इथं रोज असता काय?"

"आज तीनशे बासष्टावा दिवस."

"मग समोरचं घर कसं आहे, सांगा बरं."

"मी पक्षी बघतो."

"पक्षी पाहता पाहता घर दिसतच असन ना! पानठेलेवाल्याले विचारलं, तो म्हणते आवाज नाही. चौकीदाराले विचारलं, तो म्हणते आवाज नाही. तीन माणसं, एक न्हाणीघर, अन् सकाळी आवाज नाही? हे काही बरोबर वाटत नाही मले. काहीतरी दाबून ठेवलं आहे यायनं."

माहिती खरी होती, तारीखवार होती, आणि कोणीतरी ती मागत होतं. एकतीस वर्षांच्या सवयीनं हात वहीकडे गेला.

"तीन नोव्हेंबर, सहा चाळीस," मी वाचलं. "समोर भांडण, गिझर. अकरा होले उडाले. एकोणीस डिसेंबर, सहा एकेचाळीस. भांडण, गिझर, मुलीचा आवाज सर्वांत मोठा. वीस होले, एक भारद्वाज. सहा बावन्न, मुलगी ओले केस घेऊन गच्चीवर. वडील टॉवेल घेऊन ओट्यावरच. दहा जानेवारी..."

"म्हणजे लेकच जिंकते?"

"नोंदीप्रमाणे, बहुतेक वेळा. पण आपण कोण?"

"मधुकरराव. पोराचा काका."

मी वर बघितलं. समोरच्या खिडकीत जिजाबाई होत्या. त्यांना शेजारी शेजारी दोन पिशव्या दिसत होत्या आणि उघडी वही दिसत होती. त्यांचा हात पदरासकट तोंडावर गेला. तेव्हा मला चहा समजला, पोहे समजले, चुनासुद्धा समजला. एका मुलीचं लग्न मी वहीतून वाचून मोडलं होतं. आणि सगळं अचूक होतं! याला दुरुस्तीही छापता येत नाही.

मधुकरराव हसायला लागले. एवढे हसले, की पिशवी खाली ठेवावी लागली.

"गिझरवरूनच ना? मग ठीक आहे! आमच्या इथं मोटरच्या पाण्यावरून होते. पंधरा वर्षांपासून माझा भाऊच जिंकून राहिला. त्याले हरवणारं कोणीतरी पाहिजेच होतं!"

आणि ते तरातरा समोरच्या घरात गेले. मी जागेवरच उभा राहिलो. सहा चाळीसचं भांडण त्या दिवशी सात वीसला झालं.

"काय? तो तुमचा माणूस नव्हता?" वामनरावांचा आवाज आला. अडीच महिन्यांचा साठवलेला! बाभळीवरचे सगळे होले उडाले. पाठोपाठ सगळं घर प्लॉटवर आलं.

"दहा हप्ते चहा पाजला जी तुम्हाले!" जिजाबाई म्हणाल्या. "बोलायचं नाही?"

"मला वाटलं, तुम्हाला पक्षी आवडतात."

"बाबा, मले तर पहिल्याच दिवशी समजलं होतं," मयुरा शांतपणे म्हणाली. "पिशवी काटोलची आहे, पण माणूस झाडाकडं पाहून राहिला."

"मग काहून बोलली नाही वं?"

"सकाळी बिनाभांडणाचं गरम पाणी भेटून राहिलं होतं."

यावर मधुकरराव पुन्हा हसले आणि सोयरीक तिथेच पक्की झाली. मग वामनराव माझ्याकडे वळले. तुम्ही नक्की काय करत होता, हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. मी सगळं सांगितलं. पन्नासची फुशारकी, एकोणपन्नास पक्षी, बेशरममधली पाणकोंबडी, उरलेले तीन दिवस आणि छापावी लागणारी दुरुस्ती. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुमचा घास आम्हीच तोडला जी."

"तसं नाही."

"तसंच आहे. तुम्ही पोरीचं काम केलं. आता तुमचं काम माह्यावर."

एकतीस मार्च. शेवटचा दिवस. सहा दहाला मी पोहोचलो, तर बेशरमच्या जागी एक ताजा खड्डा होता, पाण्यानं काठोकाठ भरलेला. खड्ड्याच्या काठावर, पायाला सुतळी बांधलेली, एक गावरानी कोंबडी उभी होती. डाखोळे कुटुंब ओट्यावर ओळीनं बसलं होतं.

"घ्या, पन्नास!" वामनरावांनी हात हलवला.

"वामनराव, ही कोंबडी आहे."

"कोंबडी आहे, पाणी आहे. अजून काय पाहिजे गा?"

"पाळीव पक्षी यादीत धरता येत नाही."

"सुतळी सोडू काय?"

मी सात दहापर्यंत उभा राहिलो. कोंबडी माझ्याकडे बघत राहिली. इतका स्पष्ट, इतक्या जवळून आणि इतका वेळ एकही पक्षी मला वर्षभरात दिसला नव्हता. मी वही बंद केली आणि दुरुस्ती लिहून पाठवली. "गेल्या एप्रिलमध्ये या जागी 'पन्नास' असे प्रसिद्ध झाले होते. ते 'एकोणपन्नास' असे वाचावे."

ती सहा एप्रिलच्या रविवारी छापून आली. शनिवारी मयुराचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं होतं. रविवारी घरच्या घरी सावजी जेवण होतं, आणि मला मानाच्या जागी, ओट्यावर, प्लॉटकडे तोंड करून बसवलं होतं. रश्श्यात कोण आहे, हे मी विचारलं नाही. आमची ओळख होती.

दुसरी वाटी चालू असताना जिजाबाई हळूच म्हणाल्या, "भाऊ, ते पाहा बरं. ते तुमचं आहे काय?"

वामनरावांच्या खड्ड्याच्या काठानं, पांढरी छाती पुढे काढून, लाजरी पाणकोंबडी चालत होती. लाजत बिलकुल नव्हती.

"लिहून घ्या ना जी!"

उजवा हात मनगटापर्यंत रश्श्यात होता. "मुदत संपली, वहिनी," मी म्हणालो.

"मग रस्सा वाढू?"

"वाढा."