तारेखालची वानरं

शिर्केकाका वानरांना साधा शेंगदाणाही टाकत नसत. "साक्षीदाराला लाच देऊ नये, भाई," म्हणत.

आमच्या तरसालीच्या सोसायटीत त्यांचं घर शेवटचं. डोक्यावरून हाय-टेन्शनची लाइन गेलेली. बडोद्यात नुकतंच घरोघरी केबल आलं होतं. आम्ही सगळे टीव्हीसमोर आणि वीजखात्यातून रिटायर झालेले काका गच्चीत, छत्री धरून, वानरं बघत. वहीत रकाने आखलेले: जवळ बसणे, उवा काढणे, मारामारी, एकटे बसणे. सकाळी तारेखालच्या लिंबावरची टोळी, संध्याकाळी तारेपासून लांब, तळ्याकाठची. एकदा एका हुप्प्यानं त्यांचा चष्मा पळवला. काकांनी आधी वहीत "मारामारी नाही, चोरी एक" असं अंदाजानं लिहिलं आणि मग आरडाओरडा केला.

हा सगळा खटाटोप नातीसाठी होता. तारेखाली राहून माणूस चिडचिडा होतो, लहान मुलांना तर फार वाईट, असं सुनेनं कुठल्याशा मासिकात वाचलं आणि जुईचं इथे येणं बंद झालं. मुलगा नितीन सुभानपुऱ्यात राहायचा. रविवारी त्याच्या स्कूटरचा आवाज आला की काका आधी मागची सीट बघत. तो एकटाच येई, चहा घेऊन जाई.

"तुम्हीच जा ना तिकडे," मी एकदा म्हटलं.

"जातो ने. पण तिथे मी पाहुणा. हिंचका इथे आहे."

ओट्यावर जुईसाठी टांगलेला तो छोटा हिंचका ते रोज फडक्यानं पुसत.

"सून बोलून नाही ऐकायची. शिकलेली आहे. तिला पुरावा पाहिजे."

वर्षभरानं पुरावा तयार झाला. माझं अक्षर बरं, म्हणून सुनेला द्यायची प्रत मी उतरवायची ठरली. दोन्ही टोळ्यांच्या वागण्यात काडीचा फरक नव्हता. काका लहान मुलासारखे खूश होते. शेवटच्या पानावर त्यांनी तारेखालचा आणखी एक प्राणी म्हणून स्वतःचीही नोंद केली होती: "चिडचिड – नाही. झोप – बरी. एकटे बसणे – दिवसभर. कारण तार नव्हे."

मी ते पान पुन्हा एकदा वाचलं.

"ते पान नको घेऊस," काका घाईनं म्हणाले. "वानरांत माझं काय काम?"

मी बरं म्हटलं. घरी येऊन कोरी वही उघडली आणि ते पान सगळ्यात आधी उतरवलं.