देवघरातली ताजी फाईल

"यंदा हरिओमचं लग्न जमवलं नाई, तर मिशी उतरवीन!" असं निवृत्तीनं शालूमावशीला छातीठोकपणे सांगितलं होतं. मिशी तशी बेताचीच होती, पण शब्द मोठा होता! मावशीचा हरिओम पस्तिशीला टेकलेला. शेती करणाऱ्या पोराला कुणी मुलगी देईना, आणि दुसऱ्यांच्या लग्नाला जाणं मावशीनं सोडूनच दिलं होतं.

निवृत्तीचं संग्रामपुरात वधू-वर सूचक केंद्र. सगळी स्थळं कॉम्प्युटरात. हरिओमच्या स्थळाचा मजकूर तर त्यानं जीव ओतून स्वतः लिहिलेला. सोनाळ्याच्या परिचय मेळाव्याच्या सकाळी त्याला हुक्की आली आणि त्यानं प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवली. पडद्यावर प्रश्न आला: फाईल नव्या पद्धतीत बदलायची का? मग ती जुन्या आवृत्तीत उघडणार नाही. निवृत्तीनं धाडकन 'हो' दाबलं. वाचत बसायला तो काय परीक्षेला बसला होता?

फाईलची नक्कल त्यानं खिशातल्या पेन ड्राइव्हवर घेतली. दुसरा पेन ड्राइव्ह कायम देवघरात, बाळकृष्णाशेजारी असे. त्यावर कालची फाईल होती.

"थे जुनी राहू द्या ना," बायको अश्विनी म्हणाली.

"देवापाशी शिळं ठेवते का कोनी?" म्हणत त्यानं जुनी फाईल पुसून ताजी ठेवली. जाता जाता फुलंही बदलली.

सोनाळ्यात सभागृह खचाखच भरलेलं. तिथला कॉम्प्युटर दरवर्षीचाच, त्यातला प्रोग्रामही जुना. निवृत्तीनं ऐटीत पेन ड्राइव्ह लावला. मोठ्या पडद्यावर, साऱ्या पाहुण्यांसमोर अक्षरं उमटली: ही फाईल नव्या आवृत्तीची आहे, उघडता येत नाही!

"काऊन रे, काय म्हन्ते थे?" मावशीनं विचारलं.

"मावशी, नव्या प्रोग्रामले जुनी फाईल समजते, पन जुन्याले नवी समजत नाई."

"म्हंजे सासू-सुनेसारखंच! पन माह्या घरी सूनच नाई रे अजून!" मावशीचे डोळे भरून आले.

निवृत्तीनं घाबरून फोन लावला. "अश्विनी, देवघरातली जुनी फाईल..."

"थे तुमीच ताजी करून गेले ना!"

"मंग केंद्रातला कॉम्प्युटर घेऊन ये, रिक्षात टाकून!"

"आन् रिक्षा कोन चालवन? आपला रिक्षावालाच तिकडं मेळाव्यात बसून राह्यला!"

शेवटी संयोजकांनी माइक हातात घेतला. "ज्याचं त्यानंच उठून सांगा!"

लोकांनी हरिओमला ढकलतच उभं केलं. "मी हरिओम. चार एकर शेती हाये. दोन म्हशी हायेत. अजून... काई नाई."

मागच्या रांगेतून रेणुका नावाची मुलगी उठली. "म्हशीचं दूध कोन काढते?"

"मीच."

"मले येत नाई."

"मी शिकवतो ना!"

सगळं सभागृह हसलं. हरिओम कानापर्यंत लाल झाला, आणि रेणुकाही हसली. चहा होईपर्यंत दोन्ही घरची माणसं एका सतरंजीवर बसलेली! मावशी तर रेणुकाचा हात सोडायलाच तयार नव्हती.

मिशीला पीळ देत निवृत्ती रेणुकाच्या वडिलांकडे गेला. "पाह्यलं काका? आमच्या केंद्राची कमाल!"

"कायची कमाल, भाऊ! मांगच्या साली तुमच्या पडद्यावर हेच पोरगं पाह्यलं होतं. 'दुग्धउद्योगपती, परदेशी जाण्यास तयार' लिव्हेल होतं. म्या म्हनलं, असा फेकू जावई आपल्याले नको! बरं झालं, आज तुमचं यंत्र बंद पडलं."

निवृत्तीनं मिशीवरचा हात हळूच काढला आणि काकांसाठी चहा आणायला गेला.