टेंबेकरची पावडर आणि ताईची विहीर

गोल बाजारात चहाची गाळणी घ्यायला गेला, की टेंबेकर प्रत्येक गाळणी उन्हात धरून तिची भोकं पाहतो. "सगळी सारखी नाहीत," म्हणून परत ठेवतो. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "भैया, छन्नी लेनी है कि लड़की देखने आए हो?"

त्याचा दोष नाही. नवा रायपुरातल्या आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तो याहून कितीतरी बारीक गाळण्या बनवतो. रेणूला रेणू जोडून केलेली स्फटिकी पॉलिमरची पावडर. आत मधाच्या पोळ्यासारखी, अगदी एका मापाची छिद्रं. तिच्यातून पाणी सोडलं की कीटकनाशकाचा अंश अडकतो. मग थोड्या द्रावकानं तो सोडवायचा आणि यंत्रात मोजायचा.

"घाई नोका करू, सर," तो मला बजावतो, "तिनं धरलेलं लाडीगोडीनं सोडवा लागते."

तो सारखी नवी पावडर करतो, आधीच्यापेक्षा जास्त पकडणारी. आणि तिच्यातून पहिलं पाणी नेहमी एकाच विहिरीचं जातं. सिलतऱ्याच्या पलीकडे, भातशेतांच्या कडेला त्याची विधवा ताई एकटी राहते, तिच्या अंगणातल्या विहिरीचं. रिपोर्टवर सही माझी. दर वेळी पाणी साफ निघतं आणि दर वेळी टेंबेकर दिवसभर गप्प.

परवा मी विचारलंच. "ताईचं पाणी चांगलं निघालं, तर तोंड काहून पाडून राहिला?"

तो बाटली विसळत राहिला. "खराब निघालं असतं, तर तिले घरी आणली असती, सर. बायको गेली, पोट्टी पुण्याले. घर लई मोठं वाटते."

मी, स्वतःला सज्जन समजणारा माणूस, म्हणालो, "मग लिही खराब. मी सही करतो."

तो दचकला. "पावडरवर खोटा आळ घेऊ काय?"

मला लाज वाटली, आणि ती फक्त सहीची नव्हती. माझी आई माझ्याच घरात असते, आणि तिच्याशी दोन शब्द बोलायला मला सवड होत नाही. हा मात्र बहिणीला बोलावायला कारण हवं, म्हणून रेणू जोडत बसला होता.

"सरळ म्हण न, ये म्हणून."

"असं कसं? कारण काय सांगू?"

तरी त्यानं फोन लावला. "ताई, पाणी एकदम साफ हाय."

पलीकडचं हसणं मलाही ऐकू आलं. "हव रे, मले ठाऊक हाय. मीच पिऊन राहिली न!"

टेंबेकरनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तरी ये न," तो म्हणाला.