एका किकमध्ये

मोटरसायकल दुरुस्त करणं अवघड नसतं! निदान मला तरी नसणार, अशी माझी पक्की खात्री होती. हडपसरच्या कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते. चाळीस हजार ओळींत हरवलेला एक अर्धविराम चहा गार होण्याआधी पकडून आणते. मोटरसायकलीत असून असून भाग किती असणार? शिवाय ते डोळ्यांना दिसतात!

बाबा गेले त्याला तेव्हा नऊ महिने झाले होते. मी सहा वर्षांची असताना त्यांनी आपली गाडी विकली, आणि तेव्हापासून ते म्हणायचे, "शर्मिला, रिटायर झालो की तसलीच एक जुनी आणू. दुरुस्तीचं पुस्तक समोर ठेवू आणि दोघं मिळून पहिल्या स्क्रूपासून खोलू." रिटायर झाले आणि चौथ्या महिन्यात गेले. पुस्तक तेवढं आणून ठेवलं होतं.

त्या गाडीबद्दल त्यांचं एकच म्हणणं असे : "माझी गाडी? एका किकमध्ये चालू!" हे ते पाहुण्यांना सांगत, डॉक्टरांना सांगत, रेशनच्या रांगेत पुढच्या माणसाला सांगत. मी काही ती चालू होताना पाहिलेली नव्हती. ते सकाळी फॅक्टरीत निघायचे तेव्हा मी गाढ झोपेत. पण साक्षात वडील सांगतात म्हटल्यावर पुरावा कोण मागतं?

तर बेत असा होता. तीन महिन्यांनी पहिला स्मृतिदिन. बाबांचे सगळे मित्र जमणार. त्यांच्यासमोर मी तशीच गाडी चालू करणार. एका किकमध्ये!

तशी गाडी नारायण पेठेत सापडली. मालक अनंतराव. सत्तरीचे, शर्टाची वरपर्यंत सगळी बटणं लावलेले.

"बघू का जरा?"

"बघा. बघायचे पैसे नाहीत."

मी जाणकार चेहऱ्याने खाली वाकले आणि टायर दाबून पाहिला.

"अहो, गाडी आहे ती. कलिंगड नाही."

मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि ओरडलेच, "काका, हिचा गिअर गायब आहे! कोणीतरी काढून नेलाय!"

अनंतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "किकचा दांडा दिसतोय? तो आत दाबा आणि पुढे वळवा. झाला गिअर. चाळीस वर्षं तसंच चाललंय. तुम्हाला कोणी कळवलं नाही वाटतं."

"मी इंजिनिअर आहे," मी म्हणाले.

"हो, ते लक्षात आलं."

टेम्पोतून गाडी खडकीला आमच्या सोसायटीत आली. मी हवेत! आई दारात उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

"बूट घे चांगले," ती म्हणाली. "धावायला लागेल."

"धावायला कशाला? गाडी आहे ना आता!"

आई आत निघून गेली.

पुस्तकात चौदा प्रकरणं होती. दर रविवारी एक, क्रमाने, असा माझा नेम. पहिल्याच रविवारी सगळं परत बसवल्यावर तीन स्क्रू उरले! दुसऱ्या रविवारी ते बसले, पण पाच वेगळे उरले. वॉशर ठेवायला मी आईचा मोहरीचा डबा घेतला आणि पुढच्या बुधवारी वरणाच्या फोडणीत एक वॉशर तडतडला. ग्रीस नखांतून ऑफिसात गेलं, ऑफिसातून कीबोर्डवर गेलं. मला विचाराल तर मी वर्षभरात इतकी खूश झाले नव्हते. प्लग, कार्बोरेटर, पॉइंट... बाबांनी प्रत्येक पानावर पेन्सिलीने बारीक खुणा करून ठेवल्या होत्या. मी त्याच खुणांवरून जात होते. दहावं प्रकरण संपलं तेव्हा स्मृतिदिन उद्यावर आला होता.

आता आमच्या सोसायटीबद्दल एक सांगायला हवं. ती दारूगोळ्याच्या फॅक्टरीतल्या माणसांनी मिळून बांधलेली आहे आणि आता जवळजवळ सगळे रिटायर झालेत. आमच्याकडे दिवाळीत सुतळी बॉम्बला बंदी आहे. म्हाताऱ्यांना आवाजाचा त्रास होतो, अशी माझी समजूत होती.

सकाळी साडेनऊला मांडव भरला. भंतेजी आसनावर, शेजारी हार घातलेला बाबांचा फोटो. वंदना दहाला. मी गाडी मांडवापुढे उभी केली, पेट्रोल सोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाबांसारखी! एका किकमध्ये!"

मारली किक. काही नाही.

दुसरी. काही नाही. सातव्या किकला पदर खोचला. बाराव्या किकला ओढणीसाठी कोणीतरी पिन दिली, कारण तो पदर नव्हताच, मला भान राहिलं नव्हतं! एकविसाव्या किकला सायलेन्सरमध्ये साठलेल्या सगळ्या पेट्रोलने एकदम तोंड उघडलं.

धडाम!!

कबुतरं उडाली. आणि मांडवातले सगळे पुरुष उठले. कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. हातातले चहाचे कप जागच्या जागी ठेवून, भरभर चालत ते समोरच्या मैदानात गेले आणि तीन रांगांत उभे राहिले! गुडघ्यांची ऑपरेशनं झालेले, काठीवाले, सगळे! चाळीस वर्षांची सवय : आवाज झाला की मोकळ्या जागेत जायचं आणि हजेरी द्यायची. जागेवरून हलले नाहीत ते फक्त भंतेजी.

हिंदुरावकाका बाबांच्या सेक्शनचे चार्जमन, सगळ्यांची हजेरी घेणारे. ते समोर येऊन उभे राहिले. पाठ ताठ.

"भीमराव!"

"हजर!"

"रावसाहेब!"

"हजर!"

"कचरू ओव्हाळ!"

सवयीने बाबांचं नाव निघून गेलं होतं. मी किकवर पाय ठेवून तशीच उभी. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून भीमरावकाका, नजर सरळ समोर ठेवून, खणखणीत आवाजात म्हणाले,

"येतोय साहेब! गाडी ढकलतोय!"

मग पहिल्यांदा हसली ती आई. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. मग सगळी रांगच फुटली.

"गाडी ढकलतोय?" मी विचारलं. "ती तर एका किकमध्ये..."

"एका किकमध्ये!" हिंदुरावकाकांनी डोळे पुसले. "अगं पोरी, दहा वर्षं रोज हजेरीला हेच उत्तर! आम्ही चौघं मागून, हा वर बसलेला, आणि फॅक्टरीच्या गेटापर्यंत वरात!"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ढकलत होते मी," आई म्हणाली. "नव्या लुगड्यात."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. बूट घे म्हणाले होते."

हिंदुरावकाकांनी टाळी वाजवली. "हजेरी झाली! चला रे, लावा हात! शर्मे, बस वर. दुसरा गिअर टाक, मी म्हणेन तेव्हा क्लच सोड!"

अकरा म्हातारे आणि माझी आई गाडीला भिडले. मैदान मागे सरकायला लागलं. "सोड!" मी क्लच सोडला, गाडी एकदा शिंकली आणि... चालू! चालू झाली! दोन्ही सायलेन्सर निळा धूर सोडत गाऊ लागले! मी मैदानाला चक्क फेरी मारली. समोरून जाताना हिंदुरावकाकांनी तोंडाशी हात धरून पुन्हा नाव पुकारलं,

"कचरू ओव्हाळ!"

"हजर!" मी ओरडले. वर्षभरात एवढ्या मोठ्याने मी काहीच बोलले नव्हते.

दुसऱ्या फेरीला आई हात हलवून थांब म्हणत होती. भंतेजी घड्याळ बघत होते. थांबायला हवं, हे मलाही पटत होतं.

पण ब्रेक अकराव्या प्रकरणात आहेत.