माणिककाकांचं मीठ

लग्नाच्या मांडवात शिरलं की माणसं आधी यजमानांना रामराम घालतात. आमचे माणिककाका सरळ मागच्या बाजूला आचाऱ्याकडे जातात आणि विचारतात, "मीठ कोन्तं टाकलं?" गेल्या उन्हाळ्यात डोंगरकडा गावातल्या एका लग्नात आचाऱ्याला वाटलं, भाजी खारट झाली. तो बिचारा हात जोडून उभा राहिला. काकांना फक्त मिठाची रिकामी पिशवी बघायची होती. तिच्यावर आयोडीन लिहिलेलं निघालं. मग काका बायकांच्या पंगतीत शिरले, काकूंच्या पुढचं ताट उचललं आणि घरून आणलेला अळणी वरणभाताचा डबा तिथं ठेवला. खिशातल्या तंबाखूच्या जुन्या डबीतून सैंधव काढून त्यावर चिमूटभर टाकलं. काकू मान खाली घालून जेवल्या. शेजारच्या बायकांना मात्र हसू आवरता आवरता घास गिळवेना.

वसमतला मी त्यांच्या शेजारी राहतो, इथल्या शाळेत मास्तर आहे. काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले, पण चारचौघांत शिरून प्रत्येकाला काहीतरी विचारायची सवय काही गेली नाही. बोलताना दर वाक्याच्या शेवटी "बराबर का न्हाई?" असं म्हणतात आणि तुमच्या उत्तरासाठी थांबत नाहीत.

हे मिठाचं प्रकरण काकूंच्या दुखण्यातून निघालं. काकू थकायला लागल्या होत्या. केस गळत, अंग सुजल्यासारखं दिसे, आणि चैत्रातल्या उकाड्यात त्या गोधडी पांघरून बसत. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि थायरॉईड सांगितलं. गळ्यातल्या ग्रंथीवर शरीराचेच शिपाई चाल करून जातात, असा हा आजार. रोज गोळी घ्यायची, आणि आयोडीन जास्तीचं नको, म्हणजे कुणी समुद्री शेवाळाची भुकटी वगैरे देईल ती घेऊ नका, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यातला 'जास्तीचं' हा शब्द नांदेड ते वसमत रस्त्यात कुठंतरी पडला. काकांच्या हाती 'आयोडीन नको' एवढंच घरी आलं. वर मोबाईलवर कुण्या बुवाचा व्हिडिओ सापडला, आणि काकांची खात्रीच पटली.

घरातलं पिशवीचं मीठ त्यांनी आम्हाला आणून दिलं. मग समुद्रातले मासे बंद केले. ते घर माळकरी. तिथं कधी नदीतला मासासुद्धा शिजला नव्हता, पण काकांनी बंद म्हणून जाहीर केलं. एकदा काकूंचं बोट विळीवर कापलं. मी आमच्या घरातलं जखमेला लावायचं तांबडं औषध घेऊन धावलो, तर काका दारातच आडवे आले. बाटलीवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचली, त्यात आयोडीन सापडलं आणि मला परत पाठवलं. बोटाला हळद लागली. वसमतमध्ये हळदीला काय तोटा.

इथवर सगळी मजाच होती. पण काकांनी गल्लीतही प्रचार सुरू केला आणि चारदोन घरांत खडेमीठ आणायला लावलं. अशात त्यांची लेक सविता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिलाही तेच सैंधव सुरू झालं. काकू एकदा म्हणाल्या की लेकरासाठी डॉक्टरला विचारून घ्या. काकांनी ऐकलं नाही.

पुढच्या तपासणीला आम्ही सगळे नांदेडला गेलो, गाडी माझी होती. काकांनी डॉक्टरांसमोर आपली कामगिरी अभिमानानं सांगितली. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सविताकडे बघून विचारलं, "हीसुद्धा हेच मीठ खाते?"

"घरात एकच मीठ हाय, बराबर का न्हाई?" काका म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "काका, पोटातल्या बाळाचा मेंदू घडायला आयोडीन लागतं. काकूंनासुद्धा रोजच्या स्वयंपाकातलं पिशवीचं मीठ चालतं. मी जास्तीचं नको म्हणालो होतो. अजिबात नको, असं नाही."

त्यांनी सविताला तपासलं, आजपासून काय घ्यायचं ते समजावलं आणि बाळ ठीक दिसतंय असं सांगितलं. काका मात्र उठेनात. परतीच्या वाटेवर काकूंनी मागच्या सीटवरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

घरी आल्यावर काका पायातल्या चपला न काढता दुकानात गेले. पिशवीचं मीठ आणलं आणि ज्या ज्या घरात खडेमीठ आणायला लावलं होतं, त्या प्रत्येक दारात जाऊन उभे राहिले. "माझं चुकलं होतं. हे खा," एवढंच म्हणायचे. त्या दिवशी "बराबर का न्हाई" कुणालाच ऐकू आलं नाही.

सविताला मुलगी झाली. धडधाकट, आवाज आजोबांचा. चार महिन्यांनी ती पुण्याला सासरी निघाली, तेव्हा लेकीला हातभार म्हणून काकूही सोबत गेल्या.

परवा सकाळची शाळा होती. स्टँडसमोरच्या टपरीवर काका एकटेच बसलेले दिसले. फोनवर काकूंना गोळी घेतली का विचारत होते. तेवढ्यात टपरीवाल्यानं दोघांना चहा दिला. मी माझा संपवला, तरी काकांनी हात लावला नव्हता.

"घ्या की काका, निवून राहिला."

"थांब थोडं. गोळी घेतली की तिला तासभर चहा चालत न्हाई. वासानंच चहासाठी जीव जातो तिचा. म्हून आमी संगंच घेतो."

"अहो, काकू पुण्यात आहेत. त्यांना इथला वास कसा येईल?"

काका रस्त्याकडे बघत राहिले. "तिला न्हाई येत," ते म्हणाले. "पन मला एकट्याला गोड लागत न्हाई ना."

टपरीवाल्यानं काही न विचारता त्यांचा चहा परत पातेल्यात ओतला आणि गॅस बारीक केला.