अहवालाचा रिकामा डबा

माझा पत-अहवाल महिनाभराच्या मोफत चाचणीवर माझ्या घरी राहायला आला, तेव्हा त्याला बोलावणारी मी होते, दार उघडणारी मी होते आणि त्याने आणलेला डबा हातात घेणारीही मीच होते. पुढे जे घडले त्यात इतरांचा वाटा मोठा आहे. परंतु आरंभ माझा, हे आधीच सांगितलेले बरे.

पत-अहवाल म्हणजे हल्ली ज्याला सर्वजण क्रेडिट रिपोर्ट म्हणतात तो. माणूस विश्वासाला किती पात्र आहे, हे तो सांगतो. सांगलीच्या मुलींच्या शाळेत मी आयुष्यभर इतरांना गुण दिले. मला कोणी दिले नव्हते. फोनवर ‘आपली पत जाणून घ्या, पहिला महिना मोफत’ असे वाचले आणि वाटले, पाहावे. निकालाविषयी मला शंका नव्हती. मी होकाराचे बटण दाबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक गृहस्थ उभे होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खांद्याला पिशवी, हातात स्टीलचा डबा.

“आपण माझा अहवाल घेऊन आलात का?” मी विचारले.

“नाही. मीच अहवाल,” ते म्हणाले. “आणि हे कंपनीकडून पेढे.”

चपला बाहेर काढा, असे मी सांगणार होते; त्यांनी त्या आधीच काढल्या होत्या. ही गोष्ट मला आवडली. ते आत आले आणि दाराजवळच्या वेताच्या खुर्चीवर बसले.

त्या खुर्चीच्या वर भिंतीवर एक लाकडी फळी आहे. तिला खिळे आहेत आणि प्रत्येक खिळ्यावर आमच्या इमारतीतील एकेका घराची जादा किल्ली टांगलेली असते. कोणाचे दार ओढले जाऊन बंद होते, कोणाचा नळ चालू राहतो, कोणाच्या म्हाताऱ्या वडिलांना दुपारी पाहून यावे लागते. किल्ली माझ्याकडे असते, आणि मी ती कोणाला का हवी हे विचारत नाही. सोसायटीचे अध्यक्षपद मला दोनदा देऊ केले होते. मी नाकारले. फळी ज्याच्या घरी आहे त्याला अध्यक्षपद कशाला हवे? ती फळी रिकामी झाली, तर मी केवळ पहिल्या मजल्यावरची एक निवृत्त बाई उरेन, हे मला पक्के ठाऊक होते.

पहिले काही दिवस समाधानात गेले. दारात कोणीही आले की अहवाल खुर्चीवरून उठत आणि हात जोडून सांगत, “नमस्कार. हेरवाडकर बाईंची पत आज सकाळपर्यंत उत्कृष्ट आहे.” दूधवाल्यालाही त्यांनी हेच सांगितले. दूधवाला म्हणाला, “ते हाय की, पण पिशव्या दोन देऊ का एक?”

परंतु अहवाल पहाटे उठून घसा फार मोठ्याने साफ करीत. शिवाय चाचणी संपली की सेवा आपोआप कायम होईल, हे त्यांनी तिसऱ्या चहाच्या वेळी सहज सांगितले.

“कायम म्हणजे कुठवर?” मी विचारले.

“आपल्याला पत आहे तोवर.”

“मग महिना संपण्याआधी मी आपल्याला निरोप देईन. हा माझा शब्द समजा.”

“समजला,” ते म्हणाले. “रद्द करणे अगदी सोपे आहे, बाई. आमचा डबा कार्यालयात रिकामा परत करायचा. रिकामा डबा म्हणजे संबंध संपला. डब्यात काही असेल, तर संबंध चालू.”

“हा नियम कोणी केला?”

“तो वरून आला.”

“वर कोण आहे?”

“मी अहवाल आहे, बाई. वर कोण आहे, हे मला दाखवीत नाहीत.”

नियम सोपा होता, यात वाद नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी डबा घासला, उपडा घालून वाळवला, पिशवीत ठेवला आणि अहवालांच्या कंपनीच्या, म्हणजे पतप्रकाश सेवेच्या, कार्यालयात गेले. खिडकीमागे कुंभोजकर नावाचे सभ्य तरुण गृहस्थ बसले होते. मी म्हटले, “चाचणी रद्द करायची आहे. हा डबा.”

त्यांनी झाकण उघडले, आत पाहिले आणि डबा माझ्याकडे वळवला. आत साखर होती.

ती मी केव्हा घातली, हे मला आजही सांगता येणार नाही. शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, हे मला कोणी शिकवल्याचे आठवत नाही. श्वास घ्यायलाही कोणी शिकवल्याचे आठवत नाही. हाताने आपले काम केले होते आणि मला विचारले नव्हते.

“अभिनंदन, बाई,” कुंभोजकर म्हणाले. “आपली चाचणी महिनाभर वाढली.” त्यांनी साखर मागच्या मोठ्या पिंपात ओतली, डब्यात पेढे भरले आणि तो मला परत दिला.

“मला पेढे नकोत.”

“रिकामा कसा देऊ, बाई?” ते म्हणाले. मी डबा पिशवीत ठेवला.

घरी आले तेव्हा आमचे वरच्या मजल्यावरचे मगदूम आप्पा काही विचारायला म्हणून आले होते. अहवाल उठून उभे राहिले. “नमस्कार. हेरवाडकर बाईंनी महिन्याच्या आत मला निरोप देण्याचा शब्द दिला होता. आज तो पाळला गेला नाही. पत उत्तम आहे. उत्कृष्ट म्हणता येणार नाही.”

आप्पा फळीकडे पाहात राहिले. मग म्हणाले, “बाई, आमची ती किल्ली... म्हणजे तसं काय न्हाई, पावणे यायचे हाईत. लागंल.”

“केव्हा यायचे आहेत?”

“येतील की कधीतरी.”

त्यांनी किल्ली नेली. रिकामा खिळा फारच लांब दिसत होता.

दुसऱ्या वेळी मी खबरदारी घेतली. डबा निघण्यापूर्वी दोनदा उघडून पाहिला. आत काही नव्हते. जिन्यात समोरच्या प्रमिलाताई चौगुले भेटल्या. त्या आणि मी किती वर्षे एकमेकींना वाट्या-पातेली पाठवीत आलो आहोत, याचा हिशेब दोघींनीही ठेवलेला नाही. त्यांनी पिशवीत डोकावले.

“काय ओ बाई, रिकामा डबा घेऊन निघालात?”

“हो. परत करायचा आहे.”

“आणि रिकामा?”

“रिकामाच. त्यात अजिबात काही घालायचे नाही, प्रमिलाताई. नियम आहे.”

“घालत न्हाई ओ, मी कशाला घालू! तुमचा पदर तेवढा नीट करा, बघा कसा लोंबतोय.”

मी पदर नीट केला. खिडकीशी पोहोचून डबा पुढे सरकवला, तेव्हा तो खुळखुळला. आत मूठभर शेंगा होत्या. कुंभोजकरांनी पुन्हा अभिनंदन केले.

त्या दिवशी अहवालांनी जे सांगितले ते मी सविस्तर लिहीत नाही. ‘मध्यम’ हा शब्द त्यांनी वापरला. तो शब्द मी स्वतः असंख्य मुलींच्या प्रगतिपुस्तकांत लिहिला आहे. तो कानाला इतका थंड लागतो, याची मला कल्पना नव्हती. संध्याकाळपर्यंत एकेक करून शेजारी आले. कोणाला कुलूप बदलायचे होते, कोणाला किल्लीची नक्कल करायची होती, एका गृहस्थांना नुसतीच ‘एकदा बघायची’ होती. सर्वांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. शेवटी फळीवर एकच किल्ली राहिली. ती प्रमिलाताईंची होती.

मी त्यांच्याकडे गेले. “तुमच्यामुळे माझा शब्द मोडला.”

“मी शेंगा घातल्या ओ. शब्द कुठं मोडला?”

“तीच तर अडचण आहे.”

“मग तुम्हाला मोकळ्या डब्यानं पाठवायचं होतं मी?” त्यांचे डोळे भरून आले. “उद्या माझी वाटी तशीच यायची न्हाई तर!”

कोण बरोबर होते, हे मला ठरवता आले नाही. शिक्षिकेला ही स्थिती फारशी परिचित नसते.

तिसऱ्या वेळी मी डबा उघडाच नेला. बसमध्ये तो मांडीवर ठेवला, झाकण दुसऱ्या हातात धरले आणि नजर आत ठेवली. कंडक्टरने तिकीट फाडून डब्यात टाकले. मी ते काढून त्याच्या देखत पर्समध्ये ठेवले. “मावशी, सुट्टे पण त्यातच टाकू का?” तो म्हणाला. मी सुटे हातात घेतले. कार्यालयात पोहोचले तेव्हा डबा निखालस रिकामा होता.

कुंभोजकरांनी आत पाहिले आणि खुर्ची मागे सरकवली.

“बाई, यात काही नाही.”

“नियमाप्रमाणे.”

“काहीच नाही,” ते म्हणाले आणि हात मागे बांधून उभे राहिले. “मी याला हात लावणार नाही. रिकामा घेणे अपशकुनी, आणि माझी आई अजून आहे, बाई.”

आतून त्यांचे वरिष्ठ आले. त्यांच्यामागे दार उघडे राहिले आणि मला मोठी खोली दिसली. भिंतीभर पिंपे होती. साखरेची, तांदळाची, गुळाची, एका पिंपावर ‘खारका’ असे लिहिले होते. वरिष्ठांनी डबा लांबूनच पाहिला.

“आजवर रिकामा कोणीच आणलेला नाही,” ते म्हणाले. “त्यामुळे आजवर कोणाचेच रद्द झालेले नाही. तुमचे करतो, नियम तो नियम. फक्त एक आहे. तुमचे अहवाल जाताना अंतिम निवेदन करतील आणि ते पुढे कधी बदलत नाही. त्यात रद्द होण्याचे कारण येईल.”

“काय येईल?”

“‘या बाई डबा रिकामा परत करतात.’”

मी बाकावर बसले. शब्द पाळला, तर मी डबा रिकामा परत करणारी बाई ठरणार होते. आणि अशा बाईकडे कोण आपल्या घराची किल्ली ठेवील? मीच ठेवली नसती. डब्यात काही घातले, तर मी शब्द न पाळणारी बाई ठरणार होते, आणि तशी मी अर्धीअधिक ठरलेच होते. मी दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा तपासल्या. दोन्हींत चूक सापडली नाही. वरिष्ठांनी पाणी दिले. ते प्यायल्यावरही काही उलगडले नाही. मी डबा उचलला, झाकण लावले आणि घरी आले.

अहवालांनी पिशवी भरून खुर्चीशेजारी ठेवली होती. केस विंचरलेले होते.

“मी निघायचे का?” त्यांनी विचारले.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणाले. असे उत्तर मी आयुष्यात प्रथमच दिले असावे.

“ते मला सांगावे लागेल,” ते म्हणाले. “‘बाईंना ठाऊक नाही.’ पत आणखी खाली येईल.”

तेवढ्यात प्रमिलाताई आत आल्या. त्यांच्यामागे मगदूम आप्पा होते. आप्पांना त्यांनी जिन्यातून ओढून आणलेले दिसत होते. त्या सरळ फळीखाली उभ्या राहिल्या आणि आपल्या किल्लीवर हात ठेवला.

परंतु त्यांनी किल्ली काढली नाही. त्या अहवालांना म्हणाल्या, “एक विचारू का ओ भाऊ? बाईंचा अहवाल तुम्ही. तुमचा अहवाल कोण?”

अहवाल उठले, हात जोडले आणि तसेच उभे राहिले. “तशी सोय नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे?” आप्पा पुढे आले. “आम्ही तुमच्या तोंडाकडं बघून किल्ल्या नेल्या, आणि तुमची पत काय ते कुणालाच म्हाईत न्हाई?”

“मलाही नाही,” अहवाल म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. “मला कोणी कधी विचारले नाही. मी एकेका घरी महिनाभर असतो. मग कायम होतो. मग माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहात नाही.”

मी स्वयंपाकघरात गेले. माझ्याकडचा पितळेचा डबा काढला, त्यात बेसनाचे लाडू भरले आणि बाहेर येऊन तो त्यांच्या हातात दिला.

“पहिला महिना मोफत,” मी म्हटले. “आपण कसे आहात, हे आल्यागेल्याला मी सांगेन. जेवढे पाहिले तेवढेच सांगेन. नको असेल, तर डबा रिकामा परत करावा.”

“आणि कंपनीचा डबा?” त्यांनी विचारले.

“त्यात प्रमिलाताई जे घालतील ते जाईल. आपल्याला निरोप देण्याचा शब्द मी मागे घेते. आपण ऐकलेत, आप्पा?”

“ऐकलं की,” आप्पा म्हणाले. “मागं घेतलेला शब्द मोडत न्हाई. बसतंय का ओ ते तुमच्यात?”

अहवालांनी भरलेली पिशवी खुर्चीखाली सरकवली. “बसते,” ते म्हणाले. “पितळेच्या डब्याचे उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घसा नेहमीसारखा साफ केला आणि डबा माझ्यापुढे ठेवला. तो घासलेला होता. मी झाकण उघडले. आत गुळाचा खडा होता. त्यांच्या पिशवीत गूळ नसतो. तो समोरच्या प्रमिलाताईंकडून मागून आणलेला असावा.

ठरले ते असे: अहवाल वेताच्या खुर्चीवर राहतील आणि माझ्याविषयी सांगतील, त्यांच्याविषयी मी सांगेन, किल्ल्या फळीवर परत येतील. प्रमिलाताईंनी हे मान्य केले. कंपनीच्या डब्यातून खोबरे पोहोचल्यावर कुंभोजकरांनी अभिनंदनासह मान्यता कळवली. मगदूम आप्पांनीही मान्य केले, परंतु त्यांची किल्ली सर्वांत शेवटी आली, कारण मधल्या काळात त्यांच्याकडे खरोखरच पाहुणे आले होते.